नजीकचे उद्दिष्ट

दिल्लीतील व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लै यांनी १९४९ साली मुलांसाठी स्पर्धा सुरू केली, १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला आणि १९६८ साली ‘चिल्ड्रन्स वर्ल्ड’ हे मासिक काढले. एक पायरी पक्की झाल्यावर दुसरी, असा हा क्रम होता.

बालपुस्तककारानेही प्रथम तीन महिन्यांपुरते पाहावे. निर्मितीचे उद्दिष्ट म्हणजे एका गोष्टीचा पक्का खर्डा व तिची कच्ची चित्रे. व्यवहाराचे, सोळा पानांच्या फर्म्याचा कागद, छपाई व बांधणी यांचा अंदाज. दोन्ही एकत्रच ठरवावीत. सतरावे पान नव्या फर्म्याचा खर्च आणते आणि किंमत पालकांच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. अशा वेळी एक परिच्छेद गाळणे हा कलेशी द्रोह नव्हे. पुस्तक मुलाच्या हाती पडावे, यासाठीच ती काटछाट असते.