मोटारीच्या आंसावरील रबरी बूट

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां लहान मोटारगाडी असते, व ती बहुधा पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी असते. ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी या जुन्या गाड्यांत एंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे जात असे. पुढचीं चाकें केवळ वळण्याचें काम करीत. १९८३ सालीं मारुति ८०० ही गाडी आपल्या देशांत निघाली, आणि ज्या चाकानें वळावयाचें त्याच चाकानें गाडी ओढावयाची, ही रचना हळूहळू घरोघर आली.

हें दुहेरी काम दिसतें तितकें सोपें नाहीं. फिरता दांडा कोनांतून फिरवावयाचा तर मध्यें सांधा पाहिजे. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नांवानें ओळखला जाणारा फुलीच्या आकाराचा सांधा प्रसिद्ध आहे. परंतु त्यांत एक वैगुण्य आहे. कोन पडला म्हणजे त्याच्या पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद फिरतो. वळतांना पुढचें चाक असे हिसके देऊं लागलें तर गाडी हांकणें कठीण होईल. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत यावर उपाय योजिला. दोन भागांमधल्या खोबणींत पोलादी गोळ्या, बहुधा सहा, बसवावयाच्या, आणि कोन कितीही बदलला तरी त्या कोनाच्या नेमक्या मधोमध राहतील अशी व्यवस्था करावयाची. मग दोन्ही दांडे सदैव एकाच गतीनें फिरतात. यासच सी. व्ही. जॉइंट, म्हणजे समगति सांधा, म्हणतात.

या गोळ्यांवर भार मोठा, आणि त्यांचा एकमेव आधार म्हणजे काळें मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस. तें आंत राहावें व धूळपाणी बाहेर राहावें, म्हणून सांध्यावर लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट चढवितात व दोन्ही टोकांस क्लँप आवळतात. चाक वळेल तसतशा घड्या मिटतात व उघडतात. वर्षानुवर्षें हें चाललें म्हणजे घडीच्या तळाशीं बारीक चीर पडते. चाकाच्या आंतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले कीं बूट फाटला असें समजावें. गाडी पूर्ण वळवून चालवितांना टक् टक् असा आवाज येऊं लागला असेल, तर मात्र बहुधा उशीर झाला आहे.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. फाटलेला बूट हा स्वतः मोठा बिघाड नव्हे. आंत काय शिरलें हा खरा प्रश्न आहे. एका जाणत्या मेस्त्र्याचें काम आम्हीं उभे राहून पाहिलें आहे. त्यानें हत्यारांस हात लावण्यापूर्वीं चिमूटभर जुनें ग्रीस बोटांत घेऊन चोळलें. तें लोण्यासारखें मऊ लागलें तर सांधा बहुधा वांचला. वाळू करकरली तर सांधा धुऊन नीट तपासलाच पाहिजे. नवा बूट कांहीं शेंकडे रुपयांस मिळतो, सांध्यास हजारों मोजावे लागतात.

चिरेवर चिकटपट्टी किंवा रबराचा तुकडा लावणें व्यर्थ आहे. ग्रीसवर कांहीं चिकटत नाहीं, आणि चिकटलेंच तर घडी हलतांच सुटतें. शुभवर्तमानांतील ठिगळाचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. सांधा न काढतां बसविण्याजोगे, उभे चिरलेले व मागाहून जोडावयाचे बूटही मिळतात. ते आम्हांस प्रवासांतील तात्पुरती सोय एवढेच वाटतात.

खरें काम असें. गाडी जमिनीवर उभी असतांनाच चाकाच्या मध्यावरचा मोठा नट सैल करावा. मग गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही, क्षणभरही, जाऊं नये. वडिलांस मदत करणाऱ्या मुलांनीं तर हें कदापि विसरूं नये. चाक व खालचा सांधा सोडवून दांडा बाहेर घेतात. गियरबॉक्समधील टोक काढावयाचें असेल तर आधीं तेल उतरवितात. कांहीं गाड्यांत बाहेरचा सांधा दांड्यावरून निघतच नाहीं; तेथें आंतला सांधा काढून बूट त्या बाजूनें चढवावा लागतो. सुटा केलेला सांधा रॉकेलनें धुऊन पूर्ण वाळवावा व गोळ्या आणि खोबणी उजेडांत पाहाव्या. खड्डे किंवा झीज दिसली तर नवा बूट चढविण्यांत अर्थ नाहीं, सांधाच बदलावा.

नवा बूट व लहान क्लँप दांड्यावर आधीं सरकवावे, मग सांधा ठोकून बसवावा. हा क्रम उलटला तर सारें पुन्हां उघडावें लागतें. बुटाबरोबर येणारें ग्रीस सगळें वापरावें, त्यांतलें बरेंचसें गोळ्यांमध्यें दाबून भरावें. मोठा क्लँप आवळण्यापूर्वीं बोथट पात्यानें बुटाची कड किंचित् उचलून कोंडलेली हवा सोडावी, नाहींतर घड्या फुगतात किंवा आंत ओढल्या जातात. शेवटीं मोठा नट नवाच घ्यावा, आणि गाडी खालीं उतरवून पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावा. पुढें आठ दिवसांनीं चाक पूर्ण वळवून आंतली बाजू बोटानें पुसून पाहावी. बोट कोरडें निघालें म्हणजे क्लँप नीट बसले.