व्हीलचेअर आणि व्हेंटिलेटर

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे, म्हणून ओईटी परीक्षेची तयारी चालू आहे. शाळा मराठी माध्यमाची. व्याकरण आणि शब्द जमतात, पण व्ही-डब्ल्यू, झेड आणि टीएच चुकतात, असं क्लासमध्ये वारंवार सांगतात. मला तर व्ही आणि डब्ल्यूमधला फरक ऐकूच येत नाही. असं का होतं? आणि तिशी आल्यावर उच्चार सुधारतात का?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : सुधारतात. तुमच्या पत्रातलं ‘ऐकूच येत नाही’ हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. बहुतेक क्लासमध्ये जीभ कुठे ठेवायची इथून शिकवायला सुरुवात होते आणि कानाकडे कुणी बघत नाही.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी 1984मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. घरातल्या बोलण्यात जो फरक कधी कामालाच येत नाही, तो सोडून द्यायला मूल पहिल्या वर्षातच शिकतं. ‘ताक’ आणि ‘टाक’ ही आपल्याला उघड वेगळी वाटणारी जोडी इंग्रज माणसाला एकसारखी वाटते, ती याच कारणाने. तुमच्या व्ही-डब्ल्यूचं नेमकं तेच झालं आहे. तुमच्या कानात काही कमी नाही, त्याला मराठीचं वळण पक्कं बसलं आहे इतकंच.

हे वळण मोठेपणी बदलतं का, याचंही उत्तर मिळालेलं आहे. जपानी माणसांना आर आणि एल वेगळे ऐकू येत नाहीत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी 1991मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जपानी प्रौढांना फक्त आर-एलने वेगळे होणारे जोडीचे शब्द ऐकवले, कोणता शब्द होता ते विचारलं आणि चूक की बरोबर ते लगेच सांगितलं. शब्द एकाच माणसाच्या तोंडून न ऐकवता वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते, आणि यातच त्या प्रयोगाचं मर्म होतं. त्यांचं ऐकणं सुधारलं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की नुसत्या ऐकण्याच्या सरावाने त्यांचा उच्चारही सुधारला. म्हणून तुम्हीही आधी ऐका आणि मग बोला.

आता ‘व’कडे येऊ. आरशासमोर उभं राहून ‘वारा’, ‘वाट’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण त्यांच्यावर घासत नाही. संस्कृत व्याकरणकारांनी ‘व’ला दंतोष्ठ्य म्हटलं आहे. इंग्रजीत याच परिसरात दोन आवाज राहतात आणि आपला ‘व’ त्या दोघांच्या मधोमध पडतो. डब्ल्यूचा दातांशी काही संबंध नाही. ‘उ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करायचे आणि तिथून पुढच्या स्वरावर जायचं. ‘वॉर्ड’ म्हणताना सुरुवात ‘उ’ने झाली पाहिजे. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवायचे आणि तसेच ठेवून आवाज काढत राहायचं. ओठाला गुदगुल्या झाल्या, तर व्ही बरोबर निघाला.

इथे आपली लिहिण्याची पद्धत थोडी आड येते. हिंदीवाले ‘वीडियो’ लिहितात, आपण ‘व्हिडिओ’. व्हीला ‘व्ह’ आणि डब्ल्यूला ‘व’ ही वाटणी मला मनापासून आवडते, कारण दोन आवाज वेगळे आहेत याची त्यात जाण आहे. पण स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच आला की तिथेही आपण ‘व्ह’च लिहू लागलो : व्हाइट, व्हील, व्हॉट्सअॅप. या सगळ्यांचा आवाज डब्ल्यूचा आहे. तुमच्याच रुग्णालयात व्हीलचेअर आणि व्हेंटिलेटर शेजारी शेजारी असतील. मराठीत दोघांचं पहिलं अक्षर एकच, पण व्हीलचेअरला ओठ गोल करायचे आणि व्हेंटिलेटरला दात टेकवायचे. ‘केव्हा’ या अर्थाचा व्हेन आणि शीर या अर्थाचा व्हेन यांचंही तसंच. तिथे तर स्वरसुद्धा वेगळा आहे, शिरेच्या शब्दात तो लांब आहे. तेव्हा उच्चार शिकताना देवनागरीतल्या नोंदींवर भिस्त ठेवू नका, स्पेलिंग बघा.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. डब्ल्यू नव्याने जमला की काही दिवस तो सगळीकडे येऊ लागतो. ‘व्हेरी’ आणि ‘व्हॅक्सिन’सुद्धा गोल ओठांनी सुरू होतात. ही पायरी सगळेच चढतात. कान तयार होत गेला की ती मागे पडते.

तुम्ही विचारलेले बाकीचे आवाज सुटे सुटे शिकण्याची गरज नाही. शाळेत वर्णमाला शिकताना घोष आणि अघोष असे शब्द ऐकले असतील. मराठीत तोंडातून हवा घासत बाहेर पडते ती स, श, ष आणि ह यांत. त्यांतले स आणि श अघोष आहेत, म्हणजे ते म्हणताना गळा थरथरत नाही. इंग्रजीत अशा घासणाऱ्या आवाजांना घोष जोडीदार आहेत. स-चा जोडीदार झेड. श-चा जोडीदार ‘मेझर’च्या मधला आवाज. एफचा व्ही. ‘थिन’च्या टीएचचा ‘दिस’मधला टीएच. हे चारही घोष घर्षक मराठीत नाहीत, आणि चारही एकाच युक्तीने येतात.

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि लांबलचक ‘स्‌स्‌स्‌’ म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. आता जीभ तसूभरही न हलवता आवाज सुरू करा. भुंग्यासारखी गुणगुण ऐकू आली आणि बोटांखाली थरथर जाणवली, तर तो झेड आहे. आपण त्याच्या जागी ‘जावई’तला ज किंवा ‘झाड’मधला झ वापरतो. ‘जेवण’मधल्या ज-पेक्षा ‘जावई’तला ज झेडच्या पुष्कळ जवळ आहे आणि ही मराठीची मोठी सोय आहे. पण त्याची सुरुवात जीभ टेकवून होते, म्हणून तो लांबवता येत नाही. झेड श्वास संपेपर्यंत लांबवता येतो. ‘झिरो’, ‘झेरॉक्स’ लिहिताना आपण तर महाप्राण झ वापरतो, त्यामुळे बोलताना श्वासाचा आणखी एक झटका बसतो. तो काढून टाका. ‘श्‌श्‌श्‌’ म्हणता म्हणता गळा सुरू केलात की ‘व्हिजन’ आणि ‘मेझर’मधला आवाज मिळेल.

तुमच्या कामात झेड पावलोपावली लागतो. चक्कर येण्याला ‘डिझी’, मळमळीला ‘नॉझिया’, मुक्या माराला ‘ब्रूझ’ : तिन्हींत झेडचा आवाज आहे, स्पेलिंगमध्ये काही असो. ‘इज’, ‘वॉज’, ‘हिज’ यांच्या शेवटीही तोच. औषधाच्या ‘डोस’मध्ये मात्र साधा स आहे, आणि तोच शब्द झेडने संपवला तर अर्थ होतो डुलकी. बर्फ म्हणजे ‘आइस’ आणि डोळे म्हणजे ‘आइज’ ही जोडी घोळून घोळून म्हणा. या जोडीत आणखी एक गोष्ट आहे, ती क्लासमध्ये क्वचितच सांगतात. झेडच्या आधीचा स्वर लांब होतो. इंग्रज कान शेवटच्या व्यंजनाइतकाच या लांबीवरही विसंबून असतो. ‘आइज’मधला ‘आइ’ थोडा ताणलात, तर झेड कच्चा राहिला तरी अर्थ पोहोचतो.

टीएचबद्दल माझं मत स्पष्ट आहे : याच्यावर खर्च होणारा वेळ इतर कशाहीपेक्षा जास्त आहे आणि त्यातून हाती लागतं सगळ्यांत कमी. जीभ दातांमध्ये किंचित आणायची आणि हवा न अडवता सोडायची, कृती एवढीच. जमली तर उत्तम. ‘ब्रीद इन’ तुम्हाला रोज म्हणावं लागेल, तिथे सराव करा. पण इंग्रजी घरांतली मुलंही हा आवाज अगदी उशिरा शिकतात. आयर्लंडमध्ये अनेक जण त्याच्या जागी आपल्या त-द सारखे आवाज काढतात आणि लंडनच्या काही भागांत तो एफसारखा निघतो. जेनिफर जेंकिन्स यांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांच्या आपापसांतल्या संभाषणांचा अभ्यास करून 2000मध्ये पुस्तक लिहिलं. समजण्यासाठी कोणते उच्चार अत्यावश्यक आहेत याची त्यांनी यादी केली. टीएच त्या यादीत नाही. व्यंजनाआधीच्या स्वराची लांबी आहे. आणि शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के-बरोबर येणारा श्वासही आहे.

या श्वासाबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, पण मला तीच तुमची मुख्य अडचण वाटते. इंग्रजीत शब्दाच्या ज्या भागावर जोर असतो त्याच्या सुरुवातीला पी, टी, के आले की त्यांच्यामागून हवेचा झोत येतो. आपले प, ट, क अल्पप्राण आहेत, त्यांत तो नसतो. झोत ऐकू आला नाही की इंग्रज माणूस तो आवाज बी, डी किंवा जी समजतो. तुम्ही ‘पॅक’ म्हणता, त्याला ‘बॅक’ ऐकू येतं. ‘पिल’चं ‘बिल’ होतं, ‘कोल्ड’चं ‘गोल्ड’. रुग्णाच्या खाटेशी ही अदलाबदल टीएचच्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त अडेल.

यावरचा उपाय तुमच्या तोंडात लहानपणापासून आहे. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रज माणसाला शिकवून शिकवून कळतो. आपण प-फ, ट-ठ, क-ख यांत तो न शिकता पाळतो. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘पॅक’ म्हणा. पट्टी हलली नाही, तर प-मध्ये श्वास घाला, जवळजवळ फ-पर्यंत या. मात्र ओठ आधी पूर्ण मिटले पाहिजेत, जुनी माणसं ‘फळ’ म्हणताना मिटतात तसे. हल्लीचा एफसारखा फ इथे चालणार नाही. ‘कोल्ड’ला क आणि ख यांच्या मधला आवाज येऊ द्या. ‘टेन’ला ठ-कडे झुका, पण जीभ मागे वळवू नका; वरच्या दातांमागे हिरडीचा उंचवटा लागतो, तिथे टेकवा. स-नंतर हा श्वास लागत नाही. ‘स्पाइन’, ‘स्टूल’, ‘स्किन’ यांत आपले मराठी प, ट, क जसेच्या तसे चालतात.

सरावासाठी तुमच्या वॉर्डातले पंधरा-वीस शब्द निवडा. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशांत प्रत्येक शब्द ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन आवाजांत ऐकता येतो. मग एखाद्या मैत्रिणीला फोनवर जोडीतला एक शब्द लावायला सांगा आणि कोणता होता ते स्क्रीन न बघता ओळखा. रोज दहा मिनिटं पुरेत. दहांतले आठ-नऊ ओळखता येऊ लागले की स्वतः म्हणून रेकॉर्ड करा आणि तिला ओळखायला सांगा. सुट्या शब्दांवर थांबू नका, ड्यूटीवर खरोखर लागणाऱ्या वाक्यांत ते शब्द घाला.

ओईटीच्या बोलण्याच्या चाचणीत सुबोधतेला, म्हणजे ऐकणाऱ्याला तुमचं बोलणं सहज समजतं का याला गुण आहेत. बोलण्यातून सांगली पुसून टाकण्याची अट त्यात नाही. क्लासमध्ये टीएचवर तास जात असतील, तर शिक्षकांशी बोला आणि त्यातले थोडे ‘पॅक-बॅक’साठी मागून घ्या.