चुन्याची रेघ पडली तेव्हाच बोलायला हवं होतं

कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या आमच्या गावचा रस्ता रुंद व्हायचा ठरला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. संत्र्याची गाडी महामार्गाला लागून नागपूरला वेळेत पोचेल, एवढंच डोक्यात होतं. धुऱ्याजवळ चुन्याची रेघ पडली, खुंट्या ठोकल्या. मी खुंट्या ठोकणाऱ्या पोरांना पाणी पाजलं अन् घरी आलो. तिथंच चुकलो.

आधी नकाशा, मग निविदा, मग काम, असंच मी आजवर पाहिलं होतं. बोलायला वर्ष-दोन वर्षं मिळायची. हे काम ईपीसी पद्धतीचं निघालं. संकल्पचित्र ठेकेदारानंच करायचं, रस्ताही त्यानंच बांधायचा, एकरकमी किमतीत. एका तुकड्याचं ड्रॉइंग मंजुरीला असतं, तेव्हा दुसऱ्यावर मुरूम पडत असतो. पद्धत वाईट नाही. वेळ वाचतो, आणि रस्ता खचला तर नकाशावाल्यानं बांधणाऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही. पण करारात नसलेली एक मोरी वाढवायची म्हटलं, की पैसे कोणी द्यायचे यावर घोडं अडतं.

आमच्या धुऱ्याशी जुन्या रस्त्याला मोरी नव्हतीच. जोराचा पाऊस आला की पाणी रस्त्यावरूनच पलीकडच्या नाल्यात उतरायचं. पाहणी झाली ऐन उन्हाळ्यात. कोरड्या जमिनीवर ते कुणाला दिसणार? भराव मीटरभर चढला आणि जुलैत पाणी बागेत तुंबलं. काळ्या मातीत चार दिवस बुंधे बुडालेले. पुढं सालीतून डिंक पाझरू लागला, पानं पिवळी पडली, बोटानं दाबलं की साल सुटून यायची. डिंक्या. अकरा वर्षांची चाळीस झाडं हातानं तोडली.

नकाशा मागायला माहिती अधिकारात अर्ज टाकला, उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर भरावावर खडी पडली होती.

म्हणून सांगतो, रेघ दिसली त्याच आठवड्यात आपल्या तुकड्याचा नकाशा मागा. आपल्या शेतापाशी रस्ता किती चढणार आणि मोरी कुठं, एवढं पाहिलं तरी पुरे. पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं त्याचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा. साईटवरच्या साहेबाला तोंडी सांगून थांबू नका. तो महिन्यात बदलतो. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून रस्ता ज्या विभागाचा, त्याच्या कार्यालयात अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आणि भराव पडण्याआधी संयुक्त पाहणी मागा.

पुढच्या उन्हाळ्यात भराव फोडून मोरी बसवली. नव्या कलमांना आता दोन वर्षं झाली. आभाळ भरून आलं की मी फावडं घेऊन आधी मोरीच्या तोंडाशी जातो, काडीकचरा अडकलाय का ते बघायला.