चकती, टोपली आणि तीन फेकी



फिरता भोवरा एका टोकावर उभा राहतो आणि फिरणे थांबले की आडवा पडतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. भोवरा जमिनीवर फिरतो. तोच जर हवेतून फेकला आणि त्याचा आकार थाळीसारखा चपटा केला, तर काय होईल? या प्रश्नाच्या उत्तरावर एक संपूर्ण खेळ उभा आहे. त्याचे नाव डिस्क गॉल्फ. या खेळात एखाद्याला आपल्या नेहमीच्या मैदानावर 'पार' गाठायचा असेल, तर त्याला दंडाच्या ताकदीपेक्षा पदार्थविज्ञान आणि थोडे अंकगणित अधिक उपयोगी पडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

खेळाची ओळख

उडत्या चकतीचा जन्म अमेरिकेत झाला. केक भाजण्याच्या पत्र्याच्या थाळ्या एकमेकांकडे फेकण्याचा खेळ तेथील तरुण खेळत असत. फ्रेड मॉरिसन यांनी त्यावरून प्लॅस्टिकची चकती बनवली आणि १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने तिचे उत्पादन सुरू केले. हीच पुढे 'फ्रिस्बी' या नावाने जगभर गेली. याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी चकतीच्या पाठीवर उंचवट्यांची वर्तुळे घातली, त्यामुळे तिचे उड्डाण अधिक स्थिर झाले. या सुधारणेचे पेटंट १९६७ चे आहे.

हेड्रिक यांनीच १९७५ साली कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गॉल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. अंतराळयाने बनवणारी प्रसिद्ध जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या उद्यानाला लागूनच आहे. सुरुवातीला तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावर वाद होऊ लागले. तेव्हा हेड्रिक यांनी खांबाला वर लोंबत्या साखळ्या आणि खाली लोखंडी टोपली बसवली. चकती साखळ्यांवर आदळते, तिची ऊर्जा साखळ्या हलवण्यात खर्च होते आणि ती टोपलीत पडते. या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले.

खेळाचे नियम गॉल्फसारखेच आहेत. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची. अशी साधारणपणे अठरा लक्ष्ये असतात. प्रत्येकाला 'होल' म्हणतात. एखादा तज्ज्ञ खेळाडू नेहमीच्या हवामानात, चूक न करता, जितक्या फेकींत होल पूर्ण करील ती संख्या म्हणजे त्या होलचा 'पार'. बऱ्याच होलचा पार तीन असतो. अठराही होल तसे असतील, तर मैदानाचा पार १८ × ३ = ५४ झाला.

चकती हवेत का टिकते?

प्रथम एक दगड घ्या. तो सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी १० अंशांचा कोन करून फेकला, तर तो किती दूर जाईल? हवेचा रोध सोडून दिला तर पल्ल्याचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाची ज्या, भागिले गुरुत्वत्वरण. म्हणजे ४०० × ०.३४२ ÷ ९.८, सुमारे १४ मीटर. त्याच वेगाने, जवळजवळ आडवी फेकलेली चकती सरावलेल्या हातातून पन्नास-साठ मीटर जाते. हा फरक हवेमुळे पडतो.

चकतीची पाठ फुगीर असते आणि तिची पुढची कड उडताना किंचित वर उचललेली असते. त्यामुळे ती समोरून येणारी हवा खाली वळवते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा चकतीला वर ढकलते. हीच उच्चालक प्रेरणा. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, चकतीचे क्षेत्रफळ आणि हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगाचा वर्ग. याखेरीज एक गुणांक असतो. पुढची कड जितकी वर, तितका तो मोठा, अर्थात एका मर्यादेपर्यंत.

आता आकडे घालून पाहू. चकतीची त्रिज्या १०.५ सेंटिमीटर आणि वस्तुमान १७५ ग्रॅम धरा. तिचे वजन ०.१७५ × ९.८, म्हणजे सुमारे १.७ न्यूटन. तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३४६ चौरस मीटर. वेग २० असताना अर्धा × १.२ × ४०० × ०.०३४६ = ८.३ न्यूटन. वजन तोलण्यासाठी याचा फक्त पाचवा भाग पुरतो, म्हणजे गुणांक ०.२ हवा. वेग १० वर आला की हीच राशी चौथाईने, २.१ न्यूटन होते. मग गुणांक ०.८ लागतो. म्हणजे चकती मंदावते तसतशी ती खाली खचू लागते आणि हवा तिच्यावर अधिकाधिक मोठ्या कोनातून, खालच्या बाजूने येऊ लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

फिरकी कशासाठी?

न फिरवता चकती फेकून पाहा. दोन-चार मीटरांतच ती कोलांटी खाते. याचे कारण असे की उच्चालक प्रेरणा चकतीच्या बरोबर मध्यातून कार्य करत नाही. ज्या बिंदूतून ती कार्य करते असे मानता येते, त्याला दाबकेंद्र म्हणतात. ते गुरुत्वमध्याच्या कधी पुढे तर कधी मागे असते. त्यामुळे चकती उलथवू पाहणारे परिबल निर्माण होते.

फिरणाऱ्या चकतीला कोनीय संवेग असतो आणि तो आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. कोनीय संवेग म्हणजे निरूढी परिबल गुणिले कोनीय वेग. निरूढी परिबल वाढवण्याची युक्ती सोपी आहे: वस्तुमान मध्यावर न ठेवता काठाला ठेवावे. सपाट तबकडीचे निरूढी परिबल वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग याच्या निम्मे असते, तर कड्याचे पूर्ण असते. चकतीचा काठ जाड आणि मधला भाग पातळ का ठेवतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

शेवटी डावीकडे का वळते?

उजव्या हाताचा खेळाडू हात छातीसमोरून डावीकडे नेऊन चकती सोडतो, तेव्हा वरून पाहिल्यास ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. अशी चकती बहुधा शेवटच्या टप्प्यात डावीकडे वळते. नवख्यांना हा आपल्या हाताचा दोष वाटतो. वास्तविक हा भोवऱ्याचाच नियम आहे.

भोवरा कलला तरी लगेच पडत नाही. त्याचा आस कलाच्या दिशेने न जाता आडव्या दिशेने सरकत गोल फिरतो. या गतीला परांचन म्हणतात. फिरत्या वस्तूला एका ठिकाणी ढकलले, तर परिणाम तेथे न दिसता फिरण्याच्या दिशेने पाव फेरी पुढे दिसतो.

आता चकतीकडे या. उड्डाणाच्या अखेरीस वेग कमी झालेला असतो आणि हवा मोठ्या कोनातून येत असते. अशा वेळी दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या पुढे सरकते आणि पुढची कड वर ढकलली जाते. परिणाम पाव फेरी पुढे, म्हणजे उजव्या कडेला दिसतो. उजवी कड वर, डावी कड खाली. चकती डावीकडे कलली की उच्चालक प्रेरणाही डावीकडे कलते आणि चकती डावीकडे वळते. सुरुवातीला वेग भरपूर असताना मात्र दाबकेंद्र किंचित मागे असू शकते. तेव्हा परिणाम उलट होतो, चकती थोडी उजवीकडे झुकते. दोन्ही वळणे मिळून तिचा मार्ग ताणलेल्या 'एस' अक्षरासारखा दिसतो.

ज्याला हे कळले, तो वळणाशी झगडत न बसता ते हिशेबात धरतो. समजा, ६० मीटरांच्या फेकीत तुमची चकती नेहमी ५ मीटर डावीकडे जाते. मग नेम ५ मीटर उजवीकडे धरावा. हा कोन ५ ÷ ६० रेडियन, म्हणजे पाच अंशांहून किंचित कमी.

१९८३ साली डेव्ह ड्यूनिपेस यांनी पाचरीसारख्या निमुळत्या काठाची चकती आणली. त्यामुळे हवेचा रोध घटला आणि पल्ला वाढला. तेव्हापासून लांब फेकीसाठी धारदार काठाची आणि जवळच्या फेकीसाठी बोथट काठाची, अशा वेगवेगळ्या चकत्या खेळाडू बाळगतात.

वारा

उच्चालक प्रेरणा ठरते ती हवेच्या सापेक्ष असलेल्या वेगावर, जमिनीच्या नव्हे. तुमची फेक २० मीटर वेगाची आणि समोरून वारा ५ मीटरचा असेल, तर चकतीला २५ मीटरचा वेग जाणवतो. प्रेरणा (२५ ÷ २०)² म्हणजे १.५६ पट होते. चकती उसळते आणि सुरुवातीचे उजवे वळणही वाढते. वारा पाठीमागून असेल, तर सापेक्ष वेग १५ राहतो, प्रेरणा ०.५६ पट होते आणि आडवी फेकलेली चकती लवकर खाली येते. म्हणून पाठच्या वाऱ्यात ती उंच फेकावी, म्हणजे हवेत असेपर्यंत वारा तिला वाहून नेतो. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी ३३८ मीटरांचा विक्रम केला, तो वाऱ्याची अशीच मदत घेऊन.

पारचे अंकगणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तुमच्या मैदानावरील एक होल ७५ मीटरांचा आहे आणि पार तीन आहे. पहिली फेक ५० मीटर, दुसरी २२ मीटर आणि उरले ३ मीटर. म्हणजे या होलवर पार गाठण्यासाठी ७५ मीटर फेकण्याची ताकद मुळीच लागत नाही! जोर वाढवला तर चूकही वाढते. तीन अंशांच्या चुकीने ६० मीटरांवर चकती ३.१ मीटर बाजूला पडते, १०० मीटरांवर ५.२ मीटर.

टोपलीच्या साखळ्यांचा पट्टा सुमारे अर्धा मीटर रुंद धरू, म्हणजे मध्यापासून पाव मीटरची सूट. ३ मीटरांवरून ही सूट जवळजवळ पाच अंशांची आहे, १० मीटरांवरून केवळ १.४ अंशांची. म्हणून दुसरी फेक टोपलीच्या अगदी जवळ पडणे महत्त्वाचे.

आणखी एक उदाहरण घ्या. झाडांच्या फटीतून सरळ मार्ग आहे आणि बाजूने वळसा घालून सुरक्षित मार्ग आहे. समजा, फटीतून दहा वेळा फेकल्यास तीनदा दोन फेकींत, तीनदा तीन फेकींत आणि चारदा झाडाला लागून पाच फेकींत काम होते. सरासरी (६ + ९ + २०) ÷ १० = ३.५. वळशाने आठदा तीन आणि दोनदा चार फेकी लागतात. सरासरी ३.२. फटीतून गेलेली ती सुंदर फेक आठवणीत राहते, झाडाला लागलेल्या चार विसरल्या जातात. कागदावरची नोंद मात्र काहीच विसरत नाही.

नेहमीच्या मैदानाचा खरा फायदा हाच की तेथे निरीक्षणे पुन्हा पुन्हा घेता येतात. समजा, तुमच्या ६४ फेकी झाल्या. जादा दहा फेकी कोठे गेल्या? वहीत तीन रकाने करा: पहिली फेक, टोपलीजवळ नेणारी फेक आणि टोपलीत टाकण्याची फेक. प्रत्येक जादा फेक योग्य रकान्यात मांडा. दहापैकी सहा तिसऱ्या रकान्यात निघाल्या, तर लांब फेकीचा सराव करून तुमचा आकडा फारसा उतरणार नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो: आधी त्रुटीचे मूळ शोधतो, मग उपाय योजतो.

करून पाहा

१. सायकलचे सुटे चाक आसाच्या दोन्ही टोकांना धरा. मित्राला ते जोरात फिरवायला सांगा आणि आस एका बाजूला कलवा. चाक कोणत्या दिशेला वळू पाहते?

२. शाळेच्या मैदानावर बादली ठेवा. प्लॅस्टिकचे रुंद झाकण ३, ६ आणि १० मीटरांवरून प्रत्येकी वीस वेळा फेका. अंतर आणि यश यांचा आलेख काढा.

प्रश्न

१. नियमाप्रमाणे चकतीच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वस्तुमान चालते. २१ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे कमाल वस्तुमान किती?

२. २० मीटर वेगाची फेक, समोरून १० मीटर वेगाचा वारा. उच्चालक प्रेरणा किती पट होईल?

३. डावखुऱ्या खेळाडूने याच पद्धतीने फेकलेली चकती शेवटी कोठे वळेल?

४. एका होलवर पार किंवा त्याहून कमी फेकी होण्याची संभाव्यता ०.९ असेल, तर अठराही होलवर तसे होण्याची संभाव्यता किती?

उत्तरे: (१) १७४.३ ग्रॅम. (२) २.२५ पट. (३) उजवीकडे. (४) ०.९ चा अठरावा घात, सुमारे ०.१५. म्हणून एखादा होल बिघडला तरी निराश होऊ नये. पार बेरजेत गाठायचा असतो.