पहिल्या सलाईनच्या आधी

आमच्या आंबीत कुणा बाईला किमो लागणार असं कळलं, की मी भेटायला जाते आणि आधी तिचे हात बघते. शिरा ठसठशीत दिसतात, की कोपरापर्यंत मागमूसच नाही? औषध कोणतं आणि किती महिने, हे बहुतेकींनी विचारलेलं असतं. ते अंगात कुठल्या वाटेनं जाणार, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

माझं स्तनाचं ऑपरेशन उजव्या बाजूला झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. म्हणून त्या हाताला सुई टोचायची नाही असं ठरलं. उरला डावा. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे सगळे ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, आणि त्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड, असं चार वेळा. मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, बारा वेळा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा क्रम नेहमीचाच. मधल्या रक्ततपासण्या वेगळ्या. हा सगळा भार एका हाताच्या शिरांवर येणार, हे आधी कुणी बोललं नाही.

लाल औषध शिरेतच राहिलं तर ठीक. शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जाळतं, आणि जखम कधी कधी काही दिवसांनी उघडी पडते. एपिरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिनही तसलीच. एका खेपेला माझ्या मनगटापाशी आग व्हायला लागली. मी सांगितलं, तर उत्तर आलं, “थोडं होतंच ताई, हात हलवू नका.” सूज दिसल्यावर सलाईन बंद झालं. पुढे तिथली कातडी काळी पडली, बोटं आखडली. त्या पावसाळ्यात आवणीला रोपाची मूठसुद्धा धरता येत नव्हती.

म्हणून सांगते, जळजळ, टोचणी, सूज, किंवा थेंब एकदम मंदावणं, यातलं काहीही झालं तर सिस्टरना हाक मारा. एका हाकेनं भागलं नाही तर पुन्हा मारा. औषध ताबडतोब थांबायला हवं, पण सुई घाईनं उपसायची नसते. आधी तिच्यातूनच बाहेर झिरपलेलं औषध जमेल तेवढं ओढून घेतात. शेकायचं मनानं ठरवू नका. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक लागतो, व्हिन्क्रिस्टिनला गरम. डॉक्सोरुबिसिनवर डेक्सराझोक्सेन नावाचा उतारा आहे, तो सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. तेव्हा लोकल पकडून घरी जाऊ, सकाळी बघू, असं करू नका. डॉक्टरांनी हात बघितल्याशिवाय उठायचंच नाही.

माझा हात असा भाजल्यावर मला पोर्ट बसवला. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, रुपयाच्या नाण्याएवढी डबी. तिची बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. तिथे रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होतं, शीर भाजत नाही. बहुतेक वेळा जागा बधिर करून छोट्या ऑपरेशननं बसवतात. जखम भरली आणि सुई लावलेली नसली की अंघोळ, घरकाम सगळं करता येतं.

पोर्ट प्रत्येकाला लागतोच असं नाही. थोड्याच खेपा असतील, शिरा चांगल्या असतील, औषध सौम्य असेल, तर हातानं भागतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पंप लावून 46 तास औषध घरी घेऊन जायचं असेल, तर पोर्ट किंवा दंडातून घातलेली पीआयसीसी नळी लागतेच. त्या नळीला मोठं ऑपरेशन नाही, पण दर आठवड्याला ड्रेसिंग, आणि पाण्यापासून जपणं आलं. चिखलात उभं राहणाऱ्या बाईला ते किती जमेल, याचा विचार घरच्यांनी करावा.

पोर्टलाही जपावं लागतं. त्याला ह्यूबर नावाची खास सुईच लागते. साध्या सुईनं त्याचा पडदा फाटतो. गावच्या दवाखान्यात कुणी “यातूनच सलाईन लावू” म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. किमो संपली तरी डॉक्टर सांगतील तसं, साधारण महिन्या-दीड महिन्यानं, तो धुऊन घ्यावा लागतो, नाहीतर नळी तुंबते. पावसात वराळ्यावरून तळेगाव स्टेशन गाठायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे, तरी ती तारीख चुकवू नका. धुतल्यावर थंडी वाजून ताप आला, पोर्टची जागा लाल झाली, किंवा त्या बाजूचा हात, मान सुजली, तर तापाची गोळी घेऊन झोपू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

परळच्या टाटात, पुण्यात किंवा तळेगावात, किमो कुठेही घ्या, पहिल्या सलाईनच्या आधी डॉक्टरांना विचारा, “माझ्या शिरा पुरतील का? पोर्ट लागेल का?” महात्मा फुले योजनेतून उपचार असतील तर पोर्टचा खर्च त्यात बसतो का, हे आरोग्यमित्राकडून आधी जाणून घ्या. आणि पोर्टसोबत मिळालेलं कार्ड आधारकार्डाशेजारी ठेवा. सीटी स्कॅनला ते दाखवायचं, कारण तिथलं औषध जोरानं सोडतात, आणि तो दाब प्रत्येक पोर्टला सोसत नाही.