फुगलेली मोबाईल बॅटरी : वॉरंटी संपल्यावर काय करावे?



ऊस विकास विभागाने मोबाईलच्या बॅटरीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नसून शेतीचे अवजार झाला आहे. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू होते, २०२१ पासून सातबाऱ्यावरची पीकपाहणी मोबाईलवरून नोंदवता येते, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. वरवे बुद्रुक परिसरात लागण-खोडव्याच्या नोंदी घेत फिरताना आम्हांला काही सभासदांच्या फोनची पाठ वर आलेली दिसली. एका ठिकाणी तर फोनला रबर गुंडाळून तो वापरात होता. "चालतोय तोवर चालवायचा, वॉरंटी तर केव्हाच संपली," असे उत्तर मिळाले. हे उत्तर धोक्याचे आहे, म्हणून हा लेख.

बॅटरी का फुगते?

स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यात दोन पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो आणि सगळे एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. वरून ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याची बंद पिशवी असते. बॅटरी जुनी झाली, फार तापली, खाली पडून दबली किंवा खराब चार्जरने जादा चार्ज झाली, की हा द्रव विघटित होऊन त्यातून वायू तयार होतो. पिशवीला वाट नसल्यामुळे ती फुगते. उसाचा रस बाटलीत घट्ट बूच लावून ठेवला तर आंबून बाटली तट्ट होते, तसेच काहीसे. फरक एवढाच की रसातून निघणारा वायू पेटत नाही. बॅटरीतल्या वायूत हायड्रोजनसारखे पेटणारे वायूही असतात.

एकदा फुगलेली बॅटरी पुन्हा पूर्ववत होत नाही. फोन चालतो आहे, यावरून बॅटरी चांगली आहे असे समजू नये.

टोचू नये, दाबू नये

जनावराला पोटफुगी झाली की डॉक्टर डाव्या कुशीत ट्रोकार घालून वायू काढतात आणि जनावर वाचते. हे पाहिलेले असल्यामुळे काहीजण बॅटरीलाही सुई टोचून "हवा काढायला" जातात. असे कदापि करू नये. सुई आत गेली की मधला पडदा फाटतो, दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि क्षणात शेकडो अंश उष्णता निर्माण होते. मग आग आवरत नाही आणि निघणारा धूरही विषारी असतो. रबर बांधणे, वर वजन ठेवणे, पाठीचे झाकण दाबून बसवणे हेही तितकेच वाईट.

फुगलेली दिसताच काय करावे?

१) फोन चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग वायर काढावी. त्यानंतर पुन्हा चार्ज करू नये, "फोटो काढून घेण्यापुरता" सुद्धा नाही. फोटो व नंबर फोनच्या मेमरीत असतात, बॅटरीत नव्हे; बॅटरी बदलली की बहुधा सर्व जसेच्या तसे मिळते.

२) फोन बंद करून सिमकार्ड काढावे व घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालावे, म्हणजे ओटीपी व बिलाचे निरोप अडणार नाहीत.

३) मागचे झाकण निघणारा जुना फोन असेल आणि बॅटरी सहज हाती येत असेल तरच काढावी व तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावावी. अडकली असेल तर उचकटू नये. झाकण न निघणारा फोन घरी उघडूच नये.

४) कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात किंवा मडक्यात ठेवून वर सैल झाकण ठेवावे. डबा घट्ट बंद करू नये. डबा घराबाहेर सावलीत, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. पाचट, कडब्याची गंजी, गोठा व डिझेलचा कॅन यांपासून दूर असावा.

५) धूर किंवा फुसफुस असा आवाज येऊ लागला तर फोन उचलायला जाऊ नये. माणसे बाहेर काढावीत, वीज बंद करावी आणि लांबून भरपूर पाणी ओतावे. अशा लहान बॅटरीला थंड करण्यास पाणीच उपयोगी. वाळूने ज्वाळा झाकते, पण आतली धग जात नाही.

वॉरंटी संपली, मग कंपनीचा संबंध संपला का?

फुकट दुरुस्तीचा हक्क बहुधा संपतो, हे खरे. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, दोष बनावटीतलाच असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात असे जाहीर करून त्या विनामूल्य बदलून देऊ केल्या. तेव्हा आपल्या देशातही लोकांनी बॅटरी काढून तिच्यावरचे क्रमांक तपासले होते. २०१६ साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हा फोन बॅटरी पेट घेत असल्यामुळे परत मागवला व त्याचे उत्पादनच थांबवले. म्हणून आपल्या मॉडेलबद्दल कंपनीने काही जाहीर केले आहे का, हे सेवा केंद्रात विचारावे. फुगलेल्या फोनचा फोटो व खरेदीची पावती जपावी. बॅटरी पेटून इजा वा नुकसान झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष मालाबद्दल दाद मागता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र चार-पाच वर्षे वापरून बॅटरी म्हातारी झाली, तर तो दोष ठरेलच असे नाही.

दुसरी, ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वॉरंटी संपल्याने ती संपत नाही. आपली जबाबदारी म्हणजे बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळणे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच.

दुरुस्ती करावी की नवा फोन घ्यावा?

फोन बाकी चांगला असेल तर अधिकृत केंद्रात पैसे देऊन बॅटरी बदलून घेणे केव्हाही परवडते. आपले गाव पुणे-सातारा महामार्गालगत असल्यामुळे कात्रज ओलांडले की पुण्यात केंद्रे आहेत. आधी फोन करून खर्च विचारावा. फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल तर ते नाकापेक्षा मोती जड होईल. जाताना फोन बंद ठेवून वाळूच्या डब्यातूनच न्यावा. खिशात किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत नको. कुरिअरने पाठवू नये.

नव्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक व 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. पावती घ्यावी आणि नव्या बॅटरीची वॉरंटी तीवर लिहून घ्यावी. जुनी बॅटरी केंद्रातच जमा करावी. ती उकिरड्यावर टाकली तर शेणखताबरोबर शेतात येईल, आणि नांगराचा फाळ लागला की काय होईल हे वर सांगितलेच आहे. भंगारवाल्यालाही देऊ नये.

पुन्हा फुगू नये म्हणून

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू. उन्हात मोटारसायकलच्या हँडलवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा मोटरच्या पेटीवर फोन ठेवू नये. उशीखाली, गादीवर चार्जिंग करू नये. रात्रीच्या पाळीचे पाणी द्यायला जाताना फोन घरी चार्जरला लावून जाण्याची सवय सोडावी. वीज ये-जा करते व घरी लक्ष द्यायला कोणी जागे नसते. शक्य तो चार्ज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. चार्जर कंपनीचा किंवा प्रमाणित असावा.

तरी सर्व सभासदांनी आज संध्याकाळी घरातले सर्व फोन, पडून असलेले जुनेसुद्धा, सपाट फळीवर पालथे-उलथे ठेवून पाहावेत. फोन डुगडुगत असेल, पाठ किंवा काच वर आली असेल, तर वरीलप्रमाणे तो लगेच बाजूला काढावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी