दूध, हवामान आणि जंतूंचे बदलते आवरण

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. उन्हाळ्यात सकाळी काढलेले दूध न तापवता ठेवले तर दुपारपर्यंत नासते. हिवाळ्यात ते पुष्कळ अधिक वेळ टिकते. यावरून थंडीच्या दिवसांत दुधाची व भांड्यांची फारशी काळजी घेण्याचे कारण नाही, असा समज अनेक ठिकाणी दिसून येतो. हा समज अर्धाच खरा आहे. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, परंतु जंतू मरत नाहीत. ते आपले बाह्य आवरण बदलतात आणि थंडीशी जुळवून घेतात.

ज्या कुटुंबाकडे एखादी लालकंधारी गाय अथवा मराठवाडी म्हैस आहे, त्याचे दूध संकलन केंद्रावरून परत आले तर दिवसाची मिळकत बुडते. दूषित दुधामुळे घरातील लहान मुलास अतिसार झाला तर त्याहून मोठी हानी होते. म्हणून जंतूंचे हे वेषांतर समजून घेणे गावपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी या दोघांच्याही हिताचे आहे.

वाढ आणि उष्णतामान

ताज्या दुधाचे उष्णतामान जनावराच्या शरीराइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश असते. अतिसारास कारण होणारे ई. कोलायचे काही प्रकार व सालमोनेला हे जंतू याच उष्णतेत जोमाने वाढतात. अत्यंत अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जंतूचे एका तासात ८ आणि ७ तासांत सुमारे २१ लाख जंतू होतात. ताज्या दुधातील काही नैसर्गिक घटक आरंभी ही वाढ थोडी रोखून धरतात. तथापि हे संरक्षण फार काळ टिकत नाही. साधारणपणे ५ ते ६० अंश हा पट्टा अन्नपदार्थांच्या दृष्टीने धोक्याचा समजावा. लिस्टेरिया नावाचा जंतू तर ५ अंशांखालीही, मंद गतीने का होईना, वाढू शकतो.

तुपाचे आवरण आणि करडईच्या तेलाचे आवरण

जंतूभोवती मेदयुक्त पदार्थांचा एक अतिशय पातळ पडदा असतो. याच पडद्यातून अन्न आत घेतले जाते व टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकली जातात. पडदा फार घट्ट झाला तर हे व्यवहार थांबतात. फार सैल झाला तर आतील द्रव्ये गळू लागतात. म्हणून तो नेहमी बेताचा लवचिक राहणे जंतूला आवश्यक असते.

प्रत्येक घरातील एक अनुभव येथे उपयोगी पडतो. हिवाळ्यात डब्यातील तूप थिजते. परंतु शेजारच्या बाटलीतील करडईचे तेल पातळच राहते. तुपात संपृक्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांचे रेणू सरळ असल्यामुळे ते एकमेकांस चिकटून बसतात. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांच्या रेणूंना मध्येच बाक असल्यामुळे ते दाटीने बसू शकत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण दिला असून या जिल्ह्यातील शेतकऱ्यांस या पिकाची चांगली ओळख आहे.

जंतू हीच युक्ती वापरतो. उष्ण हवेत तो आपल्या पडद्यात तुपासारखी संपृक्त मेदाम्ले अधिक घालतो. थंडी पडली की करडईच्या तेलासारख्या असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवितो. १९६२ साली अमेरिकेतील मार व इनग्रॅहम या शास्त्रज्ञांनी ई. कोलायमध्ये हा बदल मोजून दाखविला. पुढे १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी असे दाखविले की, हा जंतू १५ अंशांत वाढलेला असो वा ४३ अंशांत, त्या त्या उष्णतेत त्याच्या पडद्याचा पातळपणा जवळजवळ सारखाच राहतो. लिस्टेरियाची रीत थोडी वेगळी आहे. तो असंपृक्त मेदाम्लांऐवजी फांदी फुटलेली मेदाम्ले वापरतो. परंतु हेतू तोच.

ई. कोलाय व सालमोनेला यांना आणखी एक बाहेरचा पडदा असतो व त्यावर मेद आणि शर्करा यांचे जोडरेणू दाटीने उभे असतात. १२ अंशांच्या थंडीत वाढणारा ई. कोलाय या जोडरेणूतील एक संपृक्त मेदाम्ल बदलून त्या जागी असंपृक्त मेदाम्ल बसवितो.

चिकटणारे तंतू

पृष्ठभागावरील दुसरा बदल व्यवहाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. सालमोनेला व ई. कोलायचे अनेक प्रकार ३० अंशांपेक्षा कमी उष्णतेत आपल्या अंगावर बारीक, चिवट तंतू तयार करतात. या तंतूंच्या व चिकट द्रव्याच्या साहाय्याने ते एकमेकांस आणि भांड्याच्या पृष्ठभागास घट्ट धरून बसतात. कॅनचा सांधा, झाकणाची कड, गाळणीचे फडके व पोचे पडलेली जागा ही त्यांची आवडती ठिकाणे होत. असा थर एकदा बसला की नुसते पाणी ओतून तो निघत नाही. हिवाळ्यात दूध लवकर नासत नाही म्हणून भांडी केवळ विसळून ठेवली जातात आणि नेमक्या याच दिवसांत जंतूंची चिकटण्याची तयारी अधिक असते. उन्हाळा सुरू होताच या थरातून सुटणारे जंतू दुधात झपाट्याने वाढतात.

याउलट शरीराच्या ३७ अंश उष्णतेत अनेक जंतू वेगळे रूप घेतात. लिस्टेरियाच्या अंगावर थंड हवेत पोहण्याच्या उपयोगाची, चाबकासारखी कशाभिका असते; शरीराच्या उष्णतेत तो ती बहुधा तयार करीत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा कशाभिका पाहून जंतूस ओळखते. ती नसल्यास जंतूस लपणे सोपे जाते. अशा रीतीने उष्णतामान हे जंतूच्या दृष्टीने ‘आपण कोठे आहोत’ हे सांगणारी खूणच ठरते.

उष्णतेची सवय

अधिक उष्णतेत वाढलेल्या जंतूचा पडदा मुळातच घट्ट असतो व त्याच्या आत उष्णतेपासून बचाव करणारी प्रथिनेही तयार झालेली असतात. त्यामुळे तो थंडीत वाढलेल्या जंतूपेक्षा तापविणे अधिक सहन करतो. दूध मंद आचेवर फार वेळ कोमट ठेवल्यास जंतूंना अशीच सवय होते. म्हणून दूध कोमट करून ठेवणे धोक्याचे आहे. पाश्चरीकरणात ६३ अंशांवर ३० मिनिटे अथवा ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवितात. घरी उष्णतामापक नसल्यास चांगली उकळी फुटू द्यावी, हाच सुरक्षित मार्ग होय. मात्र काही जंतूंनी दुधात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. यासाठी नासू लागलेले दूध उकळून पुन्हा वापरू नये.

काय करावे

१. धार काढण्यापूर्वी हात व कास स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकून द्याव्या.

२. दूध काढताच गाळून सावलीत, थंड पाण्याच्या टाकीत कॅन ठेवून गार करावे. विहिरीच्या पाण्याने दूध ४ अंशांपर्यंत उतरत नाही. म्हणून ते शक्य तितक्या लवकर शीतकरणाची सोय असलेल्या केंद्रावर पोचवावे.

३. रिकामे भांडे प्रथम साध्या पाण्याने विसळावे. एकदम उकळते पाणी घातल्यास दुधातील प्रथिने भांड्यावर चिकटतात. नंतर एक लिटर गरम पाण्यात चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा घालून ब्रशने, विशेषतः सांध्यात, घासावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यास सोडा खातो. त्यासाठी भांडी घासण्याचा सौम्य साबण वापरावा.

४. स्वच्छ पाण्याने धुतल्यावर उकळत्या पाण्याने भांडे शेकावे व उन्हात पालथे घालून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओलावा राहिल्यास थर पुन्हा बसतो.

५. ताजे दूध जुन्या दुधात मिसळू नये. हा नियम बाराही महिने पाळावा.

गावात करून दाखविण्याजोगे प्रयोग

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन काचेच्या बाटल्यांत तूप व करडईचे तेल घेऊन त्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्या. तूप थिजते, तेल वाहते राहते. जंतूच्या पडद्याची गोष्ट समजावण्यास एवढे पुरे. त्यानंतर नुसत्या पाण्याने विसळलेल्या कॅनचा सांधा पांढऱ्या फडक्याने पुसून तो डाग सर्वांना दाखवावा. शेवटी, एकाच धारेचे कच्चे दूध दोन स्वच्छ भांड्यांत घेऊन एक ओल्या फडक्याने गुंडाळून सावलीत व दुसरे तसेच बाहेर ठेवावे. दर दोन तासांनी दोन्हींतील चमचाभर दूध चमच्यातच उकळून पाहावे व कोणते आधी फाटते ते सर्वांसमोर नोंदवावे. प्रयोगाचे दूध कोणीही पिऊ नये.

गार करण्याने जंतू थांबतो, घासण्याने तो सुटतो आणि उकळण्याने तो मरतो. या तिन्ही क्रियांची कामे वेगवेगळी आहेत. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. जंतू ऋतूप्रमाणे आपले आवरण बदलतो. दूध उत्पादकाने मात्र आपली स्वच्छतेची रीत कोणत्याही ऋतूत बदलू नये.